कोण कुठून आलं

शाळेतल्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो दर थोड्या महिन्यांनी नव्याने उगवतो. जुनाट लाकडी बादली. तिची कडी जिथे अडकवतात तिथे मांडी घालून बसलेला एक छोटा माणूस, डोळे मिटलेले, छातीवर रंगीत मिन्याची चौकट आणि तीत स्वस्तिकं. खालचा मजकूर ठरलेला: नॉर्वेत सापडला आपल्या संस्कृतीचा पुरावा, अभिमान असेल तर पुढे पाठवा.

यातली बादली अगदी खरी आहे. ओस्लोच्या दक्षिणेला ओसेबर्ग नावाच्या शेतातला मातीचा ढीग १९०४ साली उकरला, तेव्हा आत आख्खं व्हायकिंग जहाज निघालं. इसवी सन ८३४ मध्ये त्यात दोन बायकांना पुरलं होतं आणि त्यांच्यासोबत गाडी, घसरगाड्या, भांडीकुंडी असा संसार दिला होता. त्या संसारातली ही बादली. नॉर्वेतही तिला 'बुद्धाची बादली' म्हणतात, पण थट्टेने. तज्ज्ञांच्या मते ते मिनाकाम आयर्लंड-ब्रिटनकडचं आहे, आणि व्हायकिंग लोकांचं तिकडे जाणं-येणं, लुटालूट, सगळंच चालू होतं. मांडी घालून बसायला भारतातच जन्म घ्यावा लागतो असं नाही. हे ग्रुपवर लिहिलं तर दोघंतिघं ग्रुप सोडतील, म्हणून मी कधी लिहिलं नाही.

भाची नोकरीनिमित्त ओस्लोत स्थायिक झाली आणि मी तिच्याकडे गेलो, तेव्हा मला सगळ्यात आधी बघायची होती ती ही बादली.

"मामा, ते म्युझियम बंद आहे," ती म्हणाली. "२०२२ पासून बंद आहे. नवीन बांधतायत, उघडायला २०२७ उजाडेल. तू बाकीचं तर बघ, त्यालाच वेळ पुरायचा नाही."

बाकीचं म्हणजे बिग्डॉय. ओस्लोच्या फ्योर्डमध्ये घुसलेलं हे द्वीपकल्प. उन्हाळ्यात नगरभवनासमोरच्या धक्क्यावरून छोटी फेरी सुटते आणि थोड्याच वेळात पलीकडच्या टोकाला लागते. उतरलं की समोर उंच तिरप्या छपराची त्रिकोणी इमारत. तीत 'फ्राम' जहाज. शेजारी 'कोन-टिकी'चा तराफा. बाजूला नॉर्वेचं सागरी संग्रहालय. आत, द्वीपकल्पाच्या मधोमध, झाडीत लोकसंग्रहालय. किनाऱ्यावर घराबाहेर पडलेल्यांच्या बोटी आणि आत घरी राहिलेल्यांची घरं, अशी ही मांडणी कुणी ठरवून केली नसावी. पण फिरताना ती डोक्यातून जात नाही. आणि या सगळ्या इमारती, वेगवेगळ्या तोंडांनी, माझ्या मित्रांच्या ग्रुपवरचाच प्रश्न विचारत असतात: कोण कुठून आलं?

फ्रामच्या बाबतीत प्रश्न असा होता की विजार कुठून आली.

१८८१ च्या जूनमध्ये 'जीनेट' हे अमेरिकन जहाज सायबेरियाच्या उत्तरेला बर्फाने चेपून टाकलं. तीन वर्षांनी त्याचे काही अवशेष ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्याशी, वाहत आलेल्या बर्फात सापडले. कप्तान डी लाँगच्या सहीची शिध्याची यादी होती आणि एका खलाशाचं नाव घातलेली मेणकापडाची विजार होती. सायबेरियापाशी बुडालेल्या जहाजावरची विजार ग्रीनलंडला कशी पोचली? हेन्रिक मोन या नॉर्वेजियन हवामानशास्त्रज्ञाने लेख लिहून सुचवलं, की ध्रुवाकडचा बर्फच तिकडून इकडे सरकत येत असला पाहिजे. तेविशीतल्या फ्रिट्यॉफ नान्सेनने तो लेख वाचला. त्याने काढलेला निष्कर्ष कुणालाही सुचेल असा होता आणि कुणालाही पटणार नाही असाही होता. विजार येऊ शकते, तर जहाज का नाही? मुद्दाम बर्फात अडकायचं आणि बर्फ नेईल तिकडे जायचं. अनुभवी दर्यावर्दींनी नाकं मुरडली. ग्रीली नावाच्या अमेरिकन ध्रुवप्रवाशाने तर याला उघड आत्मघात ठरवलं. नॉर्वेच्या संसदेने मात्र पैसे मंजूर केले.

कॉलिन आर्चर या जहाजबांधणी करणाऱ्याने मग असं जहाज बांधलं, की ते बर्फाशी झुंजणारच नाही. बुड गोलसर, कुठे धार नाही, कड नाही. लिंबाची बी चिमटीत दाबली की सुळकन वर उडते, तसं बर्फाने आवळलं की जहाज वर उचललं जावं. सुकाणू आणि पंखासुद्धा वर ओढून घेता येतो, म्हणजे बर्फाला धरायला काही सापडू नये. याचा तोटा असा की मोकळ्या समुद्रात ते इतकं डोलायचं की पट्टीचे खलाशीही आडवे व्हायचे. १८९२ च्या ऑक्टोबरमध्ये ते पाण्यात उतरलं. १९३६ पासून त्याच्याभोवती हे संग्रहालय आहे. आधी जहाज आणलं आणि त्यावर घर चढवलं.

फ्रामची गंमत अशी की ते काचेपलीकडे नाही. जिना चढून सरळ डेकवर जायचं, तिथून खाली. खोल्या एवढ्याशा की पाय पसरले तर अर्धा माणूस दाराबाहेर. भिंतींच्या पोटात नमदा, बूच, रेनडिअरचे केस असे थरावर थर भरलेले, थंडी आत येऊ नये म्हणून. डेकवर पवनचक्की होती. तिच्यावर वीज तयार करून या माणसांनी ध्रुवाकडच्या कित्येक महिन्यांच्या रात्रीत दिवे लावले. मी सगळ्यात जास्त वेळ काढला तो तळघरात. तिथे उभ्या, आडव्या, तिरप्या तुळयांची इतकी गर्दी आहे की वाकून, एक खांदा पुढे काढून सरकावं लागतं. जहाजाची बाजू ७० ते ८० सेंटिमीटर जाड आहे, ही माहिती पाटीवर वाचणं वेगळं आणि त्या तुळयांवर हात ठेवून उभं राहणं वेगळं. भोवतीच्या भिंतींवर बर्फ आणि ध्रुवीय प्रकाशाचा खेळ चालतो, लाकूड करकरल्याचे आवाज येतात. मला तो प्रकार जरा नाटकी वाटला. भाचीला आवडला.

१८९३ च्या जूनमध्ये १३ माणसं निघाली. सप्टेंबरात सायबेरियाच्या वर ती ठरल्याप्रमाणे बर्फात अडकली. मग तीन वर्षं वाहत राहणं. कधी पुढे, कधी चक्क मागे. नान्सेनला लौकरच कळून चुकलं की आपण ध्रुवाच्या बाजूने जाणार, ध्रुवावर नाही. आता इथे शहाणा माणूस गप्प बसला असता. त्याने १४ मार्च १८९५ ला जहाज सोडलं. सोबत यालमार योहान्सेन, २८ कुत्रे, ३ घसरगाड्या आणि २ कयाक. जहाज बर्फाबरोबर सरकत राहणार, म्हणजे परत फिरलो तरी ते सापडणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं. ८६ अंश १४ मिनिटं उत्तर अक्षांशापर्यंत ते गेले. तोवर तितक्या उत्तरेला कुणीही गेलं नव्हतं. मग परतीची वाट. त्यात एक दिवस किल्ली द्यायची राहिली आणि दोघांचीही घड्याळं बंद पडली. घड्याळ गेलं की रेखांश गेला, आणि रेखांश गेला की आपण कुठे आहोत हे फक्त अंदाजाने. फ्रान्झ योसेफ लँडच्या एका किनाऱ्यावर दगड, शेवाळ आणि वॉलरसचं कातडं यांची खोपी करून त्यांनी हिवाळा काढला. अस्वलाचं मांस खायचं आणि एका झोपपिशवीत झोपायचं. असं सांगतात की इतकं होऊनही दोघं एकमेकांना अहो-जाहो करत होते, आणि नव्या वर्षाच्या आदल्या रात्री नान्सेनने आता अरे-तुरेवर यायला हरकत नाही असं सुचवलं. आपल्याकडच्या काही सासऱ्या-जावयांची आठवण मला झाली, पण ते असो.

पुढच्या जूनमध्ये फ्रेडरिक जॅक्सन हा इंग्रज प्रवासी अगदी योगायोगाने त्यांना भेटला. त्याच्या जहाजाने ते १३ ऑगस्ट १८९६ ला नॉर्वेच्या वार्डो बंदरात उतरले. आणि त्याच दिवशी, कप्तान ओट्टो स्वेरड्रुपच्या हाताखाली, फ्राम बर्फातून सुटून मोकळ्या पाण्यात आलं. विजारीने सांगितलेलं खरं ठरलं. शिवाय वाटेत दोर सोडून खोली मोजली होती: ३००० मीटरच्याही खाली. ध्रुवाभोवती जमीन नव्हती, उथळ पाणी नव्हतं. खोल समुद्र होता. हा आकडा लक्षात ठेवा, पुण्याला जाताना लागेल.

योहान्सेनचं मात्र मला सोडवेना. नान्सेनच्या मोहिमेत जागा नव्हती म्हणून या माणसाने भट्टीत कोळसा टाकणाऱ्याचं काम पत्करून जहाजावर प्रवेश मिळवला होता. १९१० साली रोआल्ड आमुंडसेनने हेच फ्राम मागून घेतलं, उत्तर ध्रुवाला जातो म्हणून, आणि मदेराला पोचल्यावर सहकाऱ्यांना सांगितलं की आपण दक्षिणेला चाललोय. त्यात योहान्सेनही होता. १९११ च्या सप्टेंबरात आमुंडसेनने घाई करून निघायचं ठरवलं, थंडीने माणसं गारठली, सगळे उलटे फिरले. परतताना आमुंडसेन पुढे निघून गेला. मागे पडलेल्या प्रेस्ट्रुडला योहान्सेनने जिवंत आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने सगळ्यांदेखत नेत्याला सुनावलं. परिणाम व्हायचा तोच झाला. ध्रुवाकडे जाणाऱ्या तुकडीतून त्याचं नाव कटलं. १४ डिसेंबर १९११ ला पाच जण दक्षिण ध्रुवावर पोचले. १९१३ च्या जानेवारीत योहान्सेनने याच शहरात, सोल्लीच्या बागेत, स्वतःवर गोळी झाडून घेतली. संग्रहालयाच्या आत त्याची गोष्ट लपवलेली नाही. बाहेर दक्षिण ध्रुवाचं स्मारक आहे, त्यात ब्राँझचे पुतळे पाच.

फ्रामच्या समोरच, चार पावलांवर, कोन-टिकी. इथे मात्र सिद्धांत हरला आहे.

थॉर हेयरडाल हा नॉर्वेजियन संशोधक १९३७ साली बायकोसोबत प्रशांत महासागरातल्या मार्केसास बेटांवर राहिला होता. तिथल्या एका म्हाताऱ्याने त्याला सांगितलं की आमचा पूर्वज टिकी पूर्वेकडून, समुद्रापलीकडच्या मोठ्या देशातून आला. हेयरडालच्या डोक्यात ते बसलं. पॉलिनेशियाची बेटं दक्षिण अमेरिकेतून आलेल्या लोकांनी वसवली, असं त्याने मांडलं. विद्वान म्हणाले, त्या काळच्या बाल्साच्या तराफ्यांवरून एवढा समुद्र ओलांडणं अशक्य. यावर त्याने वाद घातला नाही, तराफा बांधला. बाल्साचे नऊ मोठे ओंडके, तागाचे दोरखंड, एक खिळा नाही. जाणकारांनी सांगितलं होतं की ओंडके एकमेकांवर घासून दोरखंड थोड्या आठवड्यांत तुटतील. झालं उलटं. बाल्सा इतका मऊ, की दोरखंडच लाकडात रुतून बसले आणि तिथे सुरक्षित राहिले. कडक लाकूड वापरलं असतं तर तराफा कधीच विखुरला असता. २८ एप्रिल १९४७ ला पेरूच्या कायाओ बंदरातून सहा जण निघाले, पाच नॉर्वेजियन आणि एक स्वीडिश, सोबत एक पोपट. पोपट वाटेत लाटेने नेला. १०१ दिवसांनी, ७ ऑगस्टला, तराफा पॉलिनेशियातल्या रारोइया बेटाच्या प्रवाळावर आदळला. माणसं सगळी सुखरूप. या पूर्ण प्रवासाचा नायक लहानपणी बुडता बुडता वाचल्यामुळे पाण्याला घाबरणारा होता, हे मला फार आवडलं.

तराफा डोळ्यांसमोर येतो तेव्हा पहिला विचार येतो तो म्हणजे, एवढाच? मधे बांबूची झोपडी, एक शीड, आणि बस्स. खालच्या मजल्यावर गेलं की तो पोटाकडून दिसतो आणि त्याच्याखाली भलामोठा व्हेल शार्क. प्रवासात असाच एक व्हेल शार्क त्यांच्याखालून फिरत होता. पोरंटोरं तिथून हलत नाहीत. मीही हललो नाही.

प्रवास झाला, पण म्हणणं टिकलं नाही. पॉलिनेशियन लोकांची भाषा, त्यांची मडकी, त्यांची डुकरं-कोंबड्या आणि शेवटी त्यांचा डीएनए, सगळं पश्चिमेकडे, तैवान आणि आग्नेय आशियाकडे बोट दाखवतं. जाता येतं हे सिद्ध झालं म्हणून तसंच गेले होते हे सिद्ध होत नाही. थोडंसं श्रेय मात्र हेयरडालच्या पदरात पडतं. २०२० साली 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार, इसवी सन १२०० च्या सुमारास पॉलिनेशियन आणि दक्षिण अमेरिकन लोकांची गाठ पडली होती. आणि रताळं तर आधीपासूनच साक्षीला होतं: मूळ दक्षिण अमेरिकेचं हे कंद युरोपियन जहाजं पोचण्याआधी पॉलिनेशियात पिकत होतं. आपल्याकडे ते बहुधा पोर्तुगीजांबरोबर आलं, आणि आता एकादशीला चालतं. कोण कुठून आलं विचारायला लागलो तर उपासाचं ताटही सुटत नाही.

हेयरडालच्या मांडणीतला खटकणारा भाग वेगळाच आहे. त्याच्या कल्पनेत पूर्वेकडून आलेले ते आद्य लोक गोरे आणि दाढीवाले होते. संस्कृती त्यांनी आणली. म्हणजे हजारो मैलांवरची बेटं शोधून काढणाऱ्या खऱ्या दर्यावर्दींच्या हातात त्याने काही ठेवलंच नाही. त्यांच्या वंशजांनी याला दिलेलं उत्तर मला तराफ्याइतकंच देखणं वाटतं. १९७६ साली 'होकुलेआ' ही जोडहोडी हवाईहून ताहितीला गेली, होकायंत्राशिवाय, ताऱ्यांवर आणि लाटांच्या वळणावर नजर ठेवून, माऊ पिआइलुग या मायक्रोनेशियन नावाड्याच्या भरवशावर. वाहत नव्हे, हाकारत. संग्रहालयानेही मधल्या काळात हिशेब पुन्हा मांडायला घेतलाय. हेयरडालने रापा नुई, म्हणजे ईस्टर बेटावरून आणलेल्या वस्तू परत करण्याचा करार २०१९ साली चिलेशी झाला.

तराफ्यासमोर उभं असताना मला लोकमान्य टिळक आठवले. यात ओढूनताणून काही नाही. १९०३ साली पुण्यातून त्यांचा 'आर्क्टिक होम इन द वेदाज' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी जूनमध्ये आमुंडसेन 'योआ' नावाच्या छोट्या मासेमारी नावेतून, सावकारांना चुकवून मध्यरात्री, वायव्य मार्ग, म्हणजे कॅनडाच्या डोक्यावरून पॅसिफिकला जाणारा सागरी रस्ता, शोधायला याच फ्योर्डमधून निघाला. ती योआही इथेच, फ्रामला लागून असलेल्या इमारतीत आहे. टिळकांचं म्हणणं होतं की शेवटच्या हिमयुगापूर्वी ध्रुवप्रदेशाची हवा सुखाची होती आणि वैदिक लोकांचे पूर्वज तिथे राहत. पुरावा ऋग्वेदातला: कित्येक दिवस चालणारी उषा, सहा महिन्यांची रात्र. ही वर्णनं ज्याने पाहिलं त्याचीच असणार, असा त्यांचा तर्क. आज हे कुणी अभ्यासक मानत नाही. पण हेयरडालने म्हाताऱ्याची गोष्ट जशी ऐकली, तशीच टिळकांनी ऋचा ऐकली, कवीची कल्पना म्हणून न झटकता साक्ष म्हणून. त्यांची मेहनत आणि बुद्धी पानापानावर दिसते. आणि दोघांनीही एकाच जागी पाय घसरू दिला: कुठूनतरी एक मूळची, वरची माणसं आली आणि बाकीच्यांना शहाणं केलं, या कल्पनेचा मोह.

आता तो ३००० मीटरचा आकडा. फ्रामने मोजलेला तो खोलीचा आकडा टिळकांचा ग्रंथ छापून येण्याच्या सात वर्षं आधी नॉर्वेत परतला होता. त्याने टिळकांचा सिद्धांत पडत नाही, कारण त्यांना ध्रुवबिंदूवर नाही, ध्रुवाभोवतीच्या प्रदेशात घर हवं होतं. पण शाळेत असताना आमच्या मास्तरांनी हा सिद्धांत इतक्या रंगात शिकवला होता, की माझ्या डोक्यात कितीतरी वर्षं थेट उत्तर ध्रुवावर यज्ञाचा धूर निघत होता. तिथे खाली पाणी, तेही दोरी पुरणार नाही इतकं, हे फ्रामच्या डेकवर कळावं याची मौज वाटली.

सागरी संग्रहालय आम्ही भराभर पाहिलं. बोटींच्या प्रतिकृती माझ्या नजरेत फार वेळ राहत नाहीत. विज्ञान-तंत्रज्ञानाचं संग्रहालय शहराच्या दुसऱ्या टोकाला, कियेल्सोसला आहे. तिथे मुलांनी हात लावायच्या यंत्रांचा गलबला, वर वैद्यकशास्त्राचं दालन. चांगलं आहे, मुलं असतील तर जरूर जा. या संग्रहालयाने २०१८ साली मात्र एक धाडसी प्रदर्शन भरवलं होतं, वंशांच्या साच्यांपासून डीएनएपर्यंत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नॉर्वेतले शास्त्रज्ञ लष्करात भरती होणाऱ्या तरुणांची आणि उत्तरेतल्या सामी लोकांची डोकी मोजत हिंडत होते; शुद्ध नॉर्डिक कोण आणि कोण नाही याचे तक्ते करत होते. ती मोजमापाची हत्यारं आणि आजची, थुंकी पाठवली की तुमचे पूर्वज सांगणारी डीएनएची पाकिटं, दोन्ही त्यांनी एकाच प्रश्नाखाली आणली. हा प्रश्न विचारणाऱ्यांनी आधीच्यांनी काय करून ठेवलं ते बघावं, इतकंच.

लोकसंग्रहालय मी शेवटी ठेवलं होतं, आणि तिथे पाय दुखायला लागलेले. देशभरातून उचलून आणलेली सुमारे १६० घरं, गोठे, कोठारं. छपरांवर गवत वाढलेलं. धान्याच्या कोठ्या उंदीर चढू नयेत म्हणून खांबांवर उचललेल्या. मधे उंचवट्यावर गोल गावचं लाकडी चर्च, इसवी सन १२०० च्या आसपासचं. टोकांवर ड्रॅगनची तोंडं, आत काळोख आणि डांबराचा वास. १८८० च्या दशकात गोलच्या लोकांना मोठं चर्च हवं होतं, जुनं पाडायला निघाले होते, तेव्हा राजा दुसरा ऑस्कर याने खर्च करून ते इथे आणलं. बाहेरचं बरंचसं रूप बोर्गुंडच्या चर्चवरून बेतून नव्याने केलेलं आहे. मूळचं म्हणजे नेमकं कुठवरचं मूळचं, हा प्रश्न इथेही सुटत नाही. एका घरात पारंपरिक पोशाखातली बाई चुलीवर लेफ्से भाजत होती, पातळ, लोणी-साखर लावून गुंडाळलेली. भाचीने दोन घेतल्या आणि दोन्ही स्वतःच खाल्ल्या.

मग आली वेसेल्स गाटे १५. ओस्लोच्या मध्यवस्तीतली १८६५ ची चाळवजा इमारत, पाडायच्या वेळी विटाविटांनी इथे हलवलेली. आत प्रत्येक बिऱ्हाड वेगळ्या काळातलं. १८७९ चा दिवाणखाना आहे, १९६५ चं टीव्ही आणि सागवानी फर्निचरचं घर आहे. आणि एक दार उघडं: 'नॉर्वेतलं पाकिस्तानी घर, २००२'.

१९७० च्या आसपास पाकिस्तानी पंजाबातल्या गुजरात जिल्ह्यातून, विशेषतः खारियाँच्या परिसरातून पुरुष इथे कारखान्यांत, हॉटेलांत कामाला आले. १९७५ साली नॉर्वेने कामगारांच्या येण्यावर बंदी घातली. मग आले होते ते राहिले आणि बायकामुलं आली. त्यांचं घर या संग्रहालयाने चर्चच्या आणि कोठारांच्या पंक्तीला बसवलं, नॉर्वेजियन लोकजीवन म्हणून. सोफा, जाड पडदे, स्वयंपाकघर. दोरीपलीकडे उभं राहून आपल्या मावशीचं घर बघतोय असं वाटावं, इतकं ओळखीचं. इतर दालनांत मी पाट्या वाचत होतो. इथे वाचाव्या लागल्या नाहीत.

आमच्याआधी एक आजी नातवाला घेऊन तिथे उभ्या होत्या. सलवार-कमीज, वरून जाड जॅकेट. बराच वेळ निरखून त्या कुणालाच न बोलता बोलल्या, "सोफ़े पर कवर नहीं चढ़ाया इन लोगों ने." मग आमच्याकडे वळून, "इंडिया से हो?"

मी पुणे म्हणालो. त्यांना मुंबईजवळ म्हटल्यावर कळलं. मी विचारलं, आप कहाँ से?

"खारियाँ," आजी म्हणाल्या.

"होल्मलिया," नातू म्हणाला. होल्मलिया म्हणजे ओस्लोचंच एक उपनगर. दोघांनी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही. दोन्ही उत्तरं त्यांच्या घरात रोज सोबत नांदत असावीत.

बाहेर येऊन बसची वाट बघताना भाची म्हणाली, "मामा, अजून वीस वर्षांनी तिथे आमचं घर लागेल बघ. इंडियन आयटीवाले, २०२५."

"काय काय ठेवतील?"

"कुकर. आयकियाच्या कपाटातलं देवघर. प्रत्येक ट्रिपला बॅगेतून आणलेलं मेतकूट आणि काळा मसाला."

"काळा मसाला ठेवतील? वास येईल."

"येऊ दे ना, चर्चला डांबराचा येतो की. आणि स्मोक अलार्म ठेवायलाच हवा."

"तो तर इथे प्रत्येक घरात असतो. त्यात आपलं काय?"

"त्याच्यावर चढवलेली शॉवर कॅप, मामा. फोडणीच्या वेळची."